बक्षीसपत्रातलं एक वाक्य

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी ओळखदार म्हणून गेलो होतो. शेजारच्या काकू आपला दोन खोल्यांचा फ्लॅट मुलाच्या नावावर करून देत होत्या. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. काकू दस्ताच्या भाषेत ‘लिहून देणार’, मुलगा ‘लिहून घेणार’ आणि मी अमुक इसमास व्यक्तिशः ओळखतो असं सांगणारा तिसरा. टोकन सत्तावीस होतं आणि आत अकरावं चाललेलं, म्हणून मी तो दस्त वाचायला घेतला. एरवी कोण वाचतं?

तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं. ‘सदर मिळकत लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, कायमस्वरूपी बक्षीस दिली असून सदर मिळकतीवर लिहून देणार यांचा यापुढे कोणताही हक्क, हितसंबंध अगर अधिकार राहिलेला नाही.’ मी दोनदा वाचलं. ज्या घरी आम्ही तासाभरानं परतणार होतो, तिथे काकूंचा काही अधिकार राहणार नव्हता. शेजारी मुलगा त्यांना थर्मासमधला चहा ओतून देत होता. मायलेकरांच्या मधे आपण कशाला बोला, म्हणून मी कागद खाली ठेवले. आत काकूंचा अंगठा मशिनवर उमटेना. ‘आजी, दाबू नका, नुसता टेकवा,’ असं ऑपरेटरनं चारदा सांगितल्यावर एकदाचा उमटला.

पुढं काय झालं असेल याचा वाचकानं जो अंदाज केला असेल, तो चुकीचा आहे. मुलानं आईला बाहेर काढलं नाही. सूनही नीट वागायची. अडीच वर्षांनी मुलगाच गेला, हृदयविकारानं, पन्नाशीच्या आत. मृत्युपत्र नव्हतं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मृत मुलाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत त्याची आईही येते, त्यामुळे फ्लॅटला तीन वारस लागले: आई, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. जे घर काका-काकूंनी पै-पै साठवून घेतलं, त्यात काकू आता एक तृतीयांशाच्या मालकीण आहेत, तेही मुलाकडून वारसाहक्कानं आल्यामुळे. सुनेला माहेरच्या गावी जायचं आहे, तिथे तिला नोकरी आणि मुलीला आजी-आजोबा आहेत. फ्लॅट विकून तिघींचे हिस्से करू, असं ती म्हणते. तिचं तरी काय चुकलं? काकूंच्या हिश्शाच्या पैशात मात्र या शहरात एक खोलीही येणार नाही.

वृद्धांच्या मालमत्तेविषयी आपण जे बोलतो, लिहितो, व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलतो, त्यात एक नालायक मुलगा लागतोच. ताट आणि पाटाची शहाणीव सगळ्यांना पाठ असते आणि सगळ्यांना वाटतं, ती दुसऱ्याच्या मुलासाठी आहे. आपला तसा नाही! बहुतेकांचा नसतोही. पण चांगला मुलगाही मरतो, कर्जात बुडतो, त्याचा घटस्फोट होतो, धंद्यासाठी घर तारण पडतं. दस्तात ‘कोणताही अधिकार राहिलेला नाही’ असं लिहिलं असेल, तर यातल्या प्रत्येक प्रसंगात आईचं छप्पर मुलाच्या नशिबाला बांधलेलं असतं.

आपला कायदाही त्या नालायक मुलाला समोर धरूनच लिहिला आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा चरितार्थ व कल्याण कायदा चांगला आहे, हे आधी मान्य करतो. साठी पूर्ण केलेल्या माणसाला दिवाणी कोर्टाची पायरी न चढता प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे, साध्या अर्जानं दाद मागता येते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत चरितार्थाचा अर्ज निकाली काढायचा, फार तर आणखी 30 दिवस. त्यातलं कलम 23 आपल्या विषयाचं आहे. ज्येष्ठ व्यक्तीनं ‘बक्षीस म्हणून किंवा अन्य प्रकारे’ मालमत्ता दिली, देताना सांभाळाची अट घातली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दडपणाखाली झाला असं मानून रद्द करता येतो. सगळी गोम त्या अटीत आहे. अट कुठे आहे, हा पहिला प्रश्न विचारला जातो. आणि आपले दस्त तर ‘प्रेम व आपुलकीपोटी’ छापाचे.

न्यायालयांचंही यावर एकमत होत नव्हतं. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं 2020 मध्ये सांगितलं, अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली हवी. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात म्हटलं की ज्येष्ठ माणूस जवळच्यांना मालमत्ता देतो तेव्हा सांभाळाची अट असतेच असं नाही, पुष्कळदा परतफेडीची अपेक्षा न ठेवता निव्वळ प्रेमापोटी दिलं जातं; म्हणून अट होती हे सिद्ध करायला हवं. ते प्रकरण हक्कसोडपत्राचं होतं आणि आई हरली. मद्रास उच्च न्यायालयानं 2025 मध्ये उलट बाजूनं पाहिलं: प्रेम व आपुलकी हीच गर्भित अट. त्याच वर्षाच्या 2 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं ऊर्मिला दीक्षित प्रकरणात, हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असं सांगून मध्य प्रदेशातल्या एका आईला घर परत मिळवून दिलं आणि न्यायाधिकरण ताबाही देववू शकतं हे स्पष्ट केलं.

या शेवटच्या निकालाचं खूप कौतुक झालं, पण त्यातले तपशील कुणी फारसे सांगितले नाहीत. त्या आईजवळ मुलानं लिहून दिलेलं वचनपत्र होतं: शेवटपर्यंत सांभाळीन, न सांभाळल्यास बक्षीसपत्र परत घ्यावं. इतकं हाताशी असूनही प्रांत, जिल्हाधिकारी, उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती, मग दोन न्यायमूर्ती (इथे ती हरली) आणि शेवटी दिल्ली, असा चार वर्षांचा प्रवास झाला. आमच्या काकूंजवळ असा कागद नाही. असता तरी उपयोग नव्हता, कारण ज्यानं सांभाळायचं तोच राहिला नाही. मेलेला माणूस कर्तव्यात कसूर करत नाही. त्यामुळे कलम 23 काकूंच्या दारापाशी येऊन थांबतं.

लातूर जिल्हा परिषदेनं 2020 साली ठराव केला होता, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून पालकांच्या खात्यात भरायचे. काही जणांचे पगार कापलेही गेले. टाळ्या पडल्या, पडाव्यातही. चरितार्थाची रक्कम कायद्यात महिना दहा हजारांवर अडकली आहे; 2007 चा आकडा आजही तोच. ती मर्यादा उठवणारं विधेयक 2019 मध्ये आलं आणि 2024 मध्ये लोकसभेबरोबर विरून गेलं. हे सगळं लढण्यासारखं आहेच. पण पगार कापा, रक्कम वाढवा, तुरुंगात टाका, या साऱ्या गोष्टी घर गेल्यानंतरच्या. मला बोलायचं आहे ते सही होण्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल.

माणसं जिवंतपणी घर देतात तरी का? पैसे वाचतात म्हणून, असं एक उत्तर मिळतं. राहतं घर किंवा शेतजमीन जोडीदाराला, मुलांना, नातवंडांना बक्षीस द्यायला महाराष्ट्रात 2015 पासून मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. वर अधिभार असेल तेवढा. स्वस्त आहे खरं, पण मृत्युपत्राला तर मुद्रांकच लागत नाही. साध्या कागदावर लिहावं, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, त्यांनी सह्या कराव्यात, झालं. नोंदणीही सक्तीची नाही, केली तर बरं. तेव्हा पैसा हे कारण नव्हे. मृत्युपत्राचं नाव काढलं की घरात ‘शुभ बोल रे’ सुरू होतं. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावून आपण जिवंत आहोत हे दरवर्षी लिहून देणारी माणसं एकदा मरणार आहोत हे लिहून द्यायला कचरतात. मी बँकेत तीस वर्षं काढली, त्या रांगेतले बरेचसे चेहरे मला ओळखीचे आहेत. बक्षीसपत्रात कसं, ‘बक्षीस’ आहे. पेढे वाटता येतात.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि त्याचा दोष कायद्याकडे जातो. वय वाढलं की व्यवहार झेपत नाहीत. मुलगा म्हणतो, तुमची सही हलते, बँकेत मी जातो, कुलमुखत्यारपत्र द्या. वडील देतात. आणि नेमकी गरज पडते तेव्हाच ते बाद होतं. करार कायद्याच्या 201 व्या कलमाप्रमाणे मुखत्यारपत्र देणारा भ्रमिष्ट झाला की मुखत्याराचा अधिकार संपतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या वतीनं त्याच्याच औषधोपचारासाठी त्याचीच मुदतठेव मोडायची तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. 2017-18 च्या देशव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांत 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे 88 लाख माणसं. एवढी घरं उच्च न्यायालयात जाणार आहेत का? मग बँकेतलाच कुणी, सोसायटीतलाच कुणी, खाजगीत सल्ला देतो: ‘आत्ता शुद्धीत आहेत तोवर सगळं नावावरच करून घ्या.’ मीही नोकरीत असताना असा सल्ला दिलेला आहे. ब्रिटनमध्ये भ्रम झाल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र कायद्यानं करता येतं. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मुलांना ते माहीत असतं आणि पुण्यातल्या आई-वडिलांसाठी तसंच काही करता येईल असं त्यांना वाटतं. नाही करता येत. अर्धवट अधिकार देण्याची सोय नसली की माणूस पूर्ण मालकीच देऊन टाकतो.

बायकांच्या बाबतीत तर बक्षीसपत्रही लागत नाही. वडील गेले की तेराव्याच्या आसपास विषय निघतो, ‘एकाच्या नावावर करून घेऊ, म्हणजे पुढे कटकट नको.’ बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर लिहिलंही जातं. त्याच दस्तावर खाली आईचीही सही असते, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. नवऱ्याच्या मिळकतीत तिचा मुला-मुलींइतकाच वाटा असतो. ती तो सोडते, कारण तिला कुणी विचारलेलंच नसतं. पेन दिलेलं असतं. गावाकडे वाटण्या करताना म्हाताऱ्यांचा वाटा वेगळा काढून ठेवायची रीत पुष्कळ घरांत होती. तो वाटा जो कसेल त्यानं त्यांना जेवू घालायचं, असा रोकडा हिशेब. शहरात फ्लॅट आला आणि वाटा काढायला जागाच उरली नाही.

यात नॉमिनेशन नावाचा आणखी एक गैरसमज फिरत असतो. सोसायटीत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून घातलं आहे, आता मृत्युपत्र कशाला? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 नंतर स्वच्छ लिहिलं आहे, नॉमिनी हा खरे वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. शेअर्सचंही तसंच. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून निघालेल्या खटल्यात डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं: नॉमिनी मालक होत नाही. या विषयावर एवढंच पुरे.

तर माझं म्हणणं असं. साठी ओलांडलेली व्यक्ती आपलं राहतं घर मुला-नातवंडांना बक्षीसपत्रानं, हक्कसोडपत्रानं किंवा कशाही प्रकारे विनामोबदला देते, तेव्हा त्या घरात तहहयात राहण्याचा तिचा हक्क कायद्यानंच गृहीत धरावा. दस्तात लिहिलेला असो वा नसो. तिला तो सोडायचाच असेल तर वेगळ्या कागदावर, तिच्या भाषेत, घेणाऱ्याला बाहेर बसवून, नोंदणी अधिकाऱ्यानं वाचून दाखवून सोडू द्यावा. आज उलटं आहे: हक्क जाणं गृहीत आणि राखायचा असेल तर वकील गाठायचा. कलम 23 मधली सांभाळाची अटही अशीच गृहीत धरावी. पण राहण्याच्या हक्काला मी आधी ठेवतो, कारण तो मुलाच्या वागणुकीवर टांगलेला नाही. मुलगा वाईट निघाला आहे हे म्हातारीला कुणापुढे सिद्ध करावं लागत नाही. पोटच्या पोराविरुद्ध अर्ज द्यायला किती आया धजतात?

असा हक्क राखून दिलेलं बक्षीस वैध असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्येच रेणिकुंतला राजम्मा प्रकरणात सांगून टाकलं आहे. म्हणजे वाट आहे, फक्त दस्तलेखकाच्या कॉम्प्युटरमधल्या नमुन्यात ती नाही. नमुना कुणीतरी कधीतरी टाइप केला, नावं आणि चतुःसीमा बदलून तो पिढ्यान् पिढ्या चालतो. नोंदणी विभाग आपल्या संकेतस्थळावर दस्तांचे नमुने ठेवतो. त्यात तहहयात हक्काचं कलम ठळक घालायला तर कायदादुरुस्तीचीही गरज नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला, सांभाळणाऱ्या मुलाचा. तीन भावंडांतला एकच घरी राहिला, आईचं हगणं-मुतणं त्यानं आणि त्याच्या बायकोनं काढलं. त्याला पक्कं काहीतरी हवं असणारच. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. अमेरिकेतली लेक महिनाभर राहून गेली की नवं होतं. आणि मेल्यावर त्याला आव्हान मिळतं ते वेगळंच. नोंदलेल्या बक्षीसपत्राची भक्कमता मृत्युपत्राला नाही हे खरंच. म्हणून तर मी बक्षीसपत्र बंद करा म्हणत नाही. मालकी द्या, ती पक्कीच राहू दे, राहण्याचा हक्क तेवढा मागे ठेवा.

दुसरा आक्षेप माझ्या जुन्या बँकेतल्या मित्राचा: असं घर तारण कोण ठेवून घेईल? कमी बँका घेतील, कर्ज कमी मिळेल. मिळू दे. आईच्या डोक्यावरचं छप्पर पूर्ण किमतीला गहाण पडू नये हाच हेतू आहे. आजही बँकेची जोखीम आहेच, पण ती लपलेली आहे: उद्या आई प्रांताकडे गेली आणि बक्षीसपत्र रद्द झालं तर तारण कुठे? दस्तात हक्क लिहिला असेल तर बँकेला, खरेदीदाराला, पुनर्विकासाच्या बिल्डरला, सगळ्यांना तो इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढला की दिसेल.

तिसरा सुनांच्या बाजूनं. नवरा-बायकोचं फाटलं की सासू-सासऱ्यांना पुढे करून, ज्येष्ठांच्या कायद्याखाली सुनेला घराबाहेर काढण्याचा प्रकार घडतो. डिसेंबर 2020 मध्ये एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क असा झटपट अर्जानं पुसता येणार नाही. तहहयात राहण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याला काढण्याचा हक्क नव्हे, हे दुरुस्तीत लिहावंच लागेल. आमच्या काकूंना तरी कुणाला काढायचं नव्हतं.

गोव्यात जरा वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात निम्मी मालमत्ता सक्तीच्या वारसांसाठी राखलेली असते, इच्छेनं देता येते ती उरलेली निम्मी. आणि जोडीदाराचा अर्धा वाटा तर लग्नापासूनच ठरलेला. देणाऱ्याच्या प्रेमाला कायद्यानं कुंपण घातलं म्हणून तिथे कुटुंबं मोडली नाहीत. वाद तिथेही आहेत, वर्षानुवर्षं चालतात. पण सगळं घर एका सहीत हातचं जात नाही. आपल्याकडे मालकाला काहीही करायची मुभा आहे आणि ती मला मोलाची वाटते. फक्त ती मुभा काय करते आहे हे सत्तर वर्षांच्या बाईला टोकन लागण्याआधी कुणीतरी सांगायला हवं.

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या दुसऱ्या एका जोडप्यानं ओळखदार म्हणून बोलावलं. या वेळी मी आदल्या दिवशीच कच्चा मसुदा मागून घेतला. वाक्य तेच, स्वल्पविरामासकट. मी टायपिस्टला म्हटलं, ‘कोणताही अधिकार राहिलेला नाही’ याच्या जागी लिहा, ‘परंतु लिहून देणार उभयतांना व त्यांच्यापैकी मागे राहणाऱ्यास सदर मिळकतीत तहहयात विनामोबदला राहण्याचा हक्क राहील व तो लिहून घेणार यांच्यावर तसेच त्यांच्या वारसांवर व त्यांच्याकडून मिळकत घेणाऱ्यांवर बंधनकारक राहील.’ तो म्हणाला, साहेब, असं कुणी घालत नाही. मुलगा जरा कानकोंडा झाला. मग म्हणाला, घाला की, मला काय फरक पडतो. बापानं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, ‘वारसांवर’ म्हणजे कुणावर? मी शेजारच्या काकूंची गोष्ट सांगितली. त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. टायपिस्टनं पान तीन पुन्हा छापलं आणि प्रिंटचे दहा रुपये जास्तीचे लावले.